खोल आटे आणि उतावीळ मंडळी

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा लेथ-कारखान्यात भांडारपालाच्या, म्हणजे ज्याच्यापाशी प्रत्येकजण काही ना काही मागतो आणि ज्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही अशा हुद्द्यावर मी असल्यामुळे, यंत्रविद्येचे माझे ज्ञान जवळजवळ सर्वस्वी तुटलेल्या वस्तूंवरून झालेले आहे. इन्सर्ट म्हणून जो कार्बाइडचा चिमुकला तुकडा हत्याराच्या टोकाशी बसवतात, तो माझ्या खिडकीतून अखंड बाहेर जातो आणि बहुधा भग्नावस्थेत परत येतो. आणि त्याच्या निधनाचे कारण रजिस्टरात नमूद करण्याचे काम माझ्याकडे असल्याने, कारखान्यातील कोणता इसम धिमा आणि कोणता उतावीळ, याचा जितका बिनचूक पुरावा माझ्या दप्तरी आहे तितका खुद्द शेठजींपाशीही नसेल.

साध्या बोल्टाचे आटे पाडताना कोणाचाही स्वभाव उघडा पडत नाही. परंतु कालव्याचे दार उचलणारा एखादा जाडजूड दांडा किंवा मोठ्या वाल्वचा स्पिंडल आला, आणि त्यावर ६० मिलिमीटर व्यासाचा, ९ मिलिमीटर पिचचा (म्हणजे लगतच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला) ट्रॅपेझॉइडल आटा मागितलेला असला, की मनुष्याची परीक्षा सुरू होते. या आट्याची खोली ५ मिलिमीटर, खाचेची रुंदी तोंडाशी पावणेसहाच्या आसपास, तळाशी जेमतेम तीन, आणि दोन भिंतींमधला कोन ३० अंशांचा. ड्रॉइंगवर ही आकृती अत्यंत निरुपद्रवी दिसते.

मध्यंतरी असाच एक दांडा आला, तेव्हा नव्याने रुजू झालेल्या तरुण इंजिनीयर साहेबांनी आट्याच्या नेमक्या आकाराचे हत्यार मागवले आणि सीएनसी यंत्राला जी ७६ या तयार सायकलीचे फर्मान सोडण्याची तजवीज केली. ही सायकल मोठी न्यायी आहे. हत्यार जसजसे खोल जाते तसतसा काप रुंदावतो, म्हणून दर फेरीला सारखाच माल निघावा अशा बेताने ती पुढच्या कापाची जाडी कमी करीत नेते आणि त्यासाठी वर्गमूळाचा नियम पाळते. त्या नियमाने पहिला काप अर्ध्या मिलिमीटरचा धरला आणि किमान कापाची मर्यादा घातली नाही, तर ५ मिलिमीटर गाठायला बरोबर १०० फेऱ्या लागतात. हा आकडा ऐकून शेठजींनी घड्याळाकडे अशा नजरेने पाहिले की साहेबांनी तत्काळ पहिला काप १ मिलिमीटरचा मुक्रर केला. फेऱ्या २५ वर आल्या. हिशेबात यत्किंचित चूक नव्हती. फक्त त्या हिशेबाला लोखंडाची संमती घ्यायची राहिली होती.

साहेबांनी त्या सायकलीत हत्यार आत उतरण्याच्या कोनाच्या जागी शून्य लिहिले होते, त्यामुळे हत्यार सरळ छातीने आत घुसत होते. अशा वेळी ते तळाशी आणि दोन्ही भिंतींशी एकदमच कापते, तिन्हीकडून निघालेल्या चिप्स त्या चिंचोळ्या खाचेत परस्परांवर आदळतात, आणि दांडा, हत्यार व यंत्र असे तिघेही मिळून जो आक्रोश मांडतात तो माझ्या भांडारातील बाटल्यांनाही ऐकू जातो. शिवाय आटे पाडत असताना फीड होल्डचे, म्हणजे हत्याराची चाल थांबवण्याचे, बटण दाबले, तरी आमचे यंत्र चालू फेरी पुरी केल्यावाचून थांबत नाही. त्यामुळे साहेब बटण दाबून उभे होते आणि यंत्र आपले कर्तव्य बजावीत होते. रजिस्टरात मी ‘नैसर्गिक कारण’ असे लिहिले.

सफाळ्याच्या फलाटावर सकाळी विरारकडे जाणारी लोकल येते, तेव्हा आम्ही बोईसरकडे निघालेले उलट्या दिशेचे प्रवासी एक गोष्ट नित्य पाहतो. डब्यात शिरणारा अनुभवी मनुष्य समोरून छाती देत नाही. तो एक खांदा पुढे करून दाराच्या एकाच बाजूने तिरपा सरकतो, आणि भाजीच्या टोपल्यांसह मावश्यासुद्धा त्याच तंत्राने आत जातात. आमच्या कारखान्यातील टर्नरकाका जुन्या लेथवर कंपाउंड स्लाइड १५ अंशांत फिरवून हेच करीत असत. जी ७६ मध्ये कोनाच्या जागी ३० लिहिले की तीही एकाच भिंतीच्या कडेने उतरते. परंतु इतक्या खोल आट्याला तेवढ्याने भागत नाही, हे काकांचे मत, आणि माझे रजिस्टर त्यांच्या बाजूचे आहे.

काकांनी साहेबांना विचारले, “साहेब, लोखंड कुठे पळून चाललंय का?” आणि माझ्याकडून २ मिलिमीटर रुंदीचे साधे ग्रूव्हिंग टूल नेले. त्याने त्यांनी रफिंग, म्हणजे जादा माल काढण्याचे ढोबळ काम, असे केले: वरच्या थरात खाच रुंद, म्हणून आरंभबिंदू किंचित डावीकडे व उजवीकडे सरकवून अनेक फेऱ्या, खालच्या थरात त्याहून कमी, तळाशी अगदी मोजक्या. दोन्ही भिंतींवर पायऱ्या उरतात, त्या शेवटी आकाराचे हत्यार हलक्या हाताने साफ करते. फेऱ्यांची संख्या साहेबांच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक झाली आणि काम मात्र जेवणाच्या सुट्टीपूर्वी उरकले, कारण मध्ये कोणी इन्सर्ट मागायला माझ्याकडे आले नाही.

या पद्धतीच्या अटी मात्र कडक आहेत. रफिंग आणि फिनिशिंग यांचा आरपीएम एकच हवा, कारण वेग बदलला की आट्याची सुरुवातच सरकते आणि दुसरे हत्यार पहिल्याने सोडलेला माल शोधीत भिंतीत घुसते. दोन्ही हत्यारांचे झेड, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेचे माप, एकाच टोकावरून घेतलेले असावे. आट्याचा कल सुमारे ३ अंशांचा असल्याने टूलच्या पात्याला तितकी मोकळीक द्यावी लागते, नाहीतर ते कापण्याऐवजी कुशीने घासते. आणि कापाला लागण्यापूर्वी स्लाइडला वेग धरायला दोन-तीन पिचांची मोकळी जागा हवी. ही जागा वाचवणाऱ्याचे पहिले दोन आटे चुकतात.

हेन्री मॉड्सले याने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा लोखंडी लेथ उभा केला, व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. भांडारपालाच्या इन्सर्टांचा विचार दोघांनीही केलेला दिसत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मी खिडकीवर एक सूचना लावली आहे: खोल आट्यासाठी आकाराचे इन्सर्ट मागणाऱ्याने प्रथम रफिंगचा प्रोग्राम दाखवावा. काकांनी तिच्यावर सही केली, साहेबांनीही केली. शेठजींची मंजुरी यायची आहे.