चोवीस तास आजारी राहा

आरोग्य विमा घेतलेल्या माणसाने आजारी कसे पडावे, याचे नियम पॉलिसीतच छापलेले असतात. आपण ते वाचत नाही, हा दोष आपला. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या व्याख्येप्रमाणे रुग्णालयात दाखल होणे म्हणजे सलग किमान चोवीस तास तिथे राहणे. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी असे काही ठरावीक ‘डे केअर’ उपचार तेवढे या अटीतून सुटतात. रुग्णालय कशाला म्हणायचे, हेही पक्के आहे: दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान 10 खाटा, मोठ्या शहरात 15, रात्रंदिवस परिचारिका आणि सुसज्ज ऑपरेशन थिएटर. म्हणजे कोपऱ्यावरचे ते डॉक्टर, ज्यांच्याकडे बाकावर बसून नंबर लावायचा असतो, जे जीभ बघून आणि पोट दाबून निम्मे निदान करतात आणि उरलेल्यासाठी रक्त तपासायला पाठवतात, ते विम्याच्या नकाशावर नाहीतच. आपली बहुतेक आजारपणे मात्र त्याच बाकावर सुरू होतात आणि नशीब बरे असले तर तिथेच संपतात. अशी फुकट वाया गेलेली आजारपणे कंपनीच्या दप्तरी नोंदलीच जात नाहीत. हप्ता आपण प्रकृतीचा भरतो आणि संरक्षण मिळते खाटेला.

पावसाळ्यातला डेंग्यू घ्या. ताप आला की डॉक्टरांची फी, एनएस-वन आणि सीबीसी या रक्ततपासण्या. मग प्लेटलेट किती उतरल्या ते बघायला दिवसाआड पुन्हा सीबीसी. बहुतेकांना लागते ते एवढेच: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती आणि बारीक लक्ष. हे सगळे घरी होते, म्हणून सगळे खिशातून. घरातल्या हिशेबी माणसाच्या हे लवकर लक्षात येते आणि तो म्हणतो, ‘‘डॉक्टर, अ‍ॅडमिटच करून टाका ना, मेडिक्लेम आहे.’’ डॉक्टरही संसारी असतात. सलाईन लागते, सेमी-प्रायव्हेट खोली मिळते, चार आकड्यांत आटोपणारे प्रकरण आरामात पाच आकड्यांत जाते. मग टीपीएकडून, म्हणजे कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या मध्यस्थाकडून, विचारणा येते: हा रुग्ण ओपीडीत बरा झाला असता, दाखल करण्याची गरज काय होती? प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यानेच ओपीडीचे दार आधी बंद केलेले असते. केवळ तपासण्यांसाठी दाखल झालेल्याला पैसे द्यायचे नाहीत, असे स्वतंत्र कलम पॉलिसीत असतेच. दाखल झाला नाहीत म्हणून नाही, आणि झालात तर का झालात म्हणून नाही.

याहून गंमत आहे ती दाखल होण्याआधीच्या खर्चाची. सगळ्या कंपन्यांनी एकाच साच्यात विकावी म्हणून 2020 साली आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत दाखल होण्याच्या आधीच्या 30 दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या 60 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. म्हणजे सोमवारी केलेल्या त्याच सीबीसीचे तेच बिल, तुम्ही घरी बरे झालात तर रद्दी आणि गुरुवारी आयसीयूत गेलात तर क्लेमची पुरवणी. विमेदाराने कोणता पर्याय निवडावा, अशी कंपनीची इच्छा आहे? अर्थात ती असे म्हणत नाही. तिचा तक्ता मात्र म्हणतो. चोवीस तासांच्या या घड्याळाबद्दल बडोद्याच्या ग्राहक आयोगाने 2023 मध्ये जरा शहाणपणाचे बोलून दाखवले: नव्या औषधांनी आणि तंत्राने उपचार लवकर आटोपत असतील, तर रुग्ण दिवसभर खाटेवर पडून राहिला नाही म्हणून त्याचे पैसे अडवता येणार नाहीत. पण तो एका दाव्याचा निकाल होता आणि दावा होता 2016 सालच्या आजारपणाचा. ज्याच्याकडे सहा-सात वर्षे आहेत त्याने जरूर जावे.

विमाशास्त्र जाणणारे यावर हसतात. विमा असतो अवचित येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी, ते सांगतात. गाडीचा विमा काय पेट्रोल भरून देतो? पेट्रोल संपले तर गाडी उभी राहते, दरीत कोसळत नाही. रक्तदाबाची गोळी थांबवली तर माणूस काही काळ ठणठणीत चालतो आणि मग कोसळतो. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहेत, हे कंपनीचे डॉक्टर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले जाणतात. म्हणून तर अर्जात ते दोन्ही विचारतात आणि होय म्हटले की हप्ता वाढवतात. पण साखर मोजायला, गोळ्यांना, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायला एक पैसा नाही. पुढे आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागले की ते ‘डे केअर’ म्हणून देय. आणि हे किरकोळ खर्च खरोखर किरकोळ असते तर बोलणेच नको होते. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा 2014-15 मध्ये 62.6 टक्के होता, तो 2021-22 पर्यंत 39.4 वर आला. घट चांगलीच आहे, नाकारू नये. पण खिशातून जाणाऱ्या या पैशाचा सर्वांत मोठा भाग ओपीडी आणि औषधांवर जातो, हे नीती आयोगाने 2021 च्या आपल्या अहवालात नोंदवले आहे. नेमकी तीच बाजू उघडी ठेवून पांघरूण शिवलेले आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ओपीडी फुकट केली तर लोक शिंकले तरी डॉक्टरकडे जातील, आणि मेडिकलवाला शाम्पूचेही पक्के बिल औषध म्हणून फाडून देईल. यातले दुसरे तर उघडच खरे आहे. पहिल्याला अमेरिकेतला पुरावाही आहे. 1974 ते 1982 या काळात रँड संस्थेने तिथल्या कुटुंबांना वेगवेगळ्या अटींचा विमा देऊन पाहिले. ज्यांना खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलावा लागला, त्यांनी उपचारांवर मोफतवाल्यांपेक्षा सुमारे तीस टक्के कमी खर्च केला आणि सरासरी माणसाची तब्येत त्यामुळे फारशी बिघडली नाही. आक्षेपकर्ते इथे थांबतात. पुढचा भाग असा की, खिशाला चाट बसते म्हणून लोकांनी अनावश्यक उपचार टाळले तसेच आवश्यकही टाळले. कोणते कुठले, हे रुग्णाला कळत असते तर डॉक्टरांची गरजच नव्हती. आणि गरीब असून रक्तदाबाचा विकार असलेल्यांचा रक्तदाब मोफत उपचारांत अधिक आटोक्यात राहिला. राहिला प्रश्न खोट्या बिलांचा. खोटी बिले रुग्णालयेही करतात आणि ती शाम्पूपेक्षा बरीच महाग पडतात. त्यासाठी खाटांचा विमा कुणी बंद केल्याचे ऐकिवात नाही.

मग एजंट सांगतो, ओपीडीचा रायडर घ्या ना, नाही कोण म्हणतंय! घ्या, पण आधी छापील कागदावर वर्षाची मर्यादा आणि जादा हप्ता हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. ज्यांना डॉक्टरकडे जायचेच आहे तेच रायडर घेतात, हे कंपनीला ठाऊक असते, म्हणून दोन आकड्यांत अंतर थोडे राहते. यावर तोड एकच, ती म्हणजे सगळ्यांना एका पंगतीत बसवणे, आणि आपल्या देशात ते अशक्य नाही, कारण ते करून झाले आहे. 1948 च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि तिच्या दवाखान्यात कामगाराला साध्या खोकल्यालाही औषध मिळते. आज कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के कापले जातात. तिथल्या रांगा, संपलेली औषधे, वैतागलेले कारकून यांबद्दल कामगार जे बोलतात ते छापता येत नाही. पण ओपीडीचा विमा होऊच शकत नाही, हे म्हणणे सात दशकांपूर्वीच खोटे पडले. यातला खरा विनोद पगाराच्या मर्यादेत आहे. पगार 21 हजारांच्या वर गेला की सहामाही संपताच माणूस त्या योजनेतून बाहेर पडतो आणि कंपनीच्या झोकदार ग्रुप मेडिक्लेममध्ये जातो. कालपर्यंत खोकल्याचे औषध मिळत होते. बढती मिळाल्यावर त्यासाठी चोवीस तास खोकावे लागते.

कंपन्यांची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती त्या जाहिरातीत सांगत नाहीत. पॉलिसी असते एका वर्षाची आणि 2011 पासून ग्राहकाला ती दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची मुभा आहे. आज गोळ्यांचे पैसे आपण द्यायचे आणि पंधरा वर्षांनी टळलेल्या डायलिसिसचा फायदा प्रतिस्पर्ध्याने घ्यायचा, हा व्यवहार कोणता व्यापारी करील? सरकारला ही सबब नाही. नागरिक पोर्ट होऊन शेजारच्या सरकारकडे जात नाही. त्याची मूत्रपिंडे शेवटी याच तिजोरीवर येऊन पडतात. सरकारचे म्हणणे, ओपीडीसाठी आमचे दवाखाने आहेत की. आहेत. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी मुख्यतः सकाळची आणि रोजंदारीही सकाळीच सुरू होते. मोफत तपासणीला एका दिवसाची मजुरी लागते. मुंबईत ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडा ठेवायचे ठरले, ते कुणाच्या तरी हे ध्यानात आल्यामुळेच असावे. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचे आयुष्मान कार्ड मिळू लागले. त्यावर बायपास होते. दर महिन्याला मेडिकलमधून आणायच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना ते चालत नाही, म्हणून त्या परवडेपर्यंत घ्यायच्या आणि कार्ड नीट जपून ठेवायचे. लॅमिनेशनचे पैसे आपलेच.