कावळ्याची बंदूक

भोकरदनकडच्या आमच्या नानांना सत्तरी उलटल्यावर रायफल घ्यायची हुक्की आली. तशी त्यांच्याकडे पिकाच्या राखणीची, परवान्याची, ठासणीची बंदूक आहे. पण आधी दारू ओता, मग चिंधी, मग छर्रे, गज घालून ठासा. तोवर रानडुकरांनी मक्याची एक ओळ आडवी करून दुसरीला तोंड लावलेलं असतं. बार निघतो तोही आवाजापुरताच. डुक्कर काय, रोही काय, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

अशात अंबड तालुक्यातल्या एका थकलेल्या बागायतदाराने आजोबांची विलायती रायफल विकायला काढली. नानांनी मला सोबत नेलं. तेल दिलेल्या फडक्यातून ती बाहेर आली आणि नाना गप्पच झाले. अक्रोडाच्या दस्त्यावर बारीक जाळीची नक्षी, बाहेर घोडा, आणि खाली एक खटका. तो दाबला की नळी मान टाकते. एका वेळी एकच काडतूस. मला धाकधूक वाटली, पण नानांचं उत्तर तयार होतं. "असईच्या लढाईत सगळ्यांच्या एकाच बाराच्या होत्या. तरी इतिहास झाला ना?"

असई नानांच्या अभिमानाचा विषय. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुईच्या दुआबात वेलस्लीची इंग्रज फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडल्या, ती जागा आपल्या जिल्ह्यात. शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढत. मी एवढंच म्हणालो की त्यांना निदान गोळी शोधत गावोगाव हिंडावं लागत नव्हतं.

कारण नळीवर कोरलं होतं '.३०० रूक'. रूक हा इंग्लंडातला कावळ्याच्या कुळातला पक्षी. मे महिन्यात त्याची पिल्लं घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसतात. ती टिपून साहेबलोक त्यांचा 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ करून खात. त्यासाठी ही नाजूक रायफल आणि जेमतेम पाच ग्रॅमची गोळी. पुढे स्वस्त .२२ आली आणि या काडतुसाची सद्दी संपली. म्हणजे बैल आहे, देखणा आहे, पण त्याच्या मानेला बसेल असं जू करणारा सुतार उरलेला नाही.

अमेरिकेत अशा बंदुकीचं काडतुसावाचून अडत नाही. तिथले हौशी लोक एका काडतुसाचं पितळी कवच दाबून, कापून दुसऱ्याचं करतात. कुठल्याच कारखान्यात न बनणारी काडतुसं घरच्या बाकावर जन्माला घालतात. आपल्याकडे हा उद्योग केला तर बंदुकीआधी आपणच जमा होऊ. सरकारने मात्र तो खुशाल केला. इंग्रजांच्या काळात ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत केल्या, काडतुसांच्या खोबणीत लाकडी ठोकळा बसवला आणि एकेक बार काढणारी .४१० मस्केट पोलिसांच्या हाती दिली. तिचं काडतूस .३०३ चंच, फक्त गळा न आवळलेलं. बाजारातलं साधं .४१० तिच्यात नीट बसत नाही. आपल्याच पोलिसांवरच्या अविश्वासालाही इतकं कौशल्य लागतं, याचं मला कौतुक वाटतं.

व्यवहाराचं म्हणाल तर कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला खरेदीदाराच्या नावानिशी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. शिवाय नानांचा परवाना ठासणीपुरता. त्यावर रायफल चढवायची तर वेगळा अर्ज. मधेच निवडणूक लागली की आहे तीही ठाण्यात. नाना म्हणतात, जमा केलेली बंदूकच सर्वात सुखरूप राहते, उंदीर दस्ता कुरतडत नाहीत.

अर्जात प्रयोजनाच्या रकान्यापाशी पेन अडलं. पाच ग्रॅमने डुक्कर हटणार नाही, हे त्यांनाही पटलेलं. मग चेहरा उजळला. "मक्याच्या कणसाला कावळे काय कमी आहेत? बनवलीच आहे त्यांच्यासाठी." मी सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता खरा, २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

नानांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे डुकराला पुरत नाही अन् कावळ्याला चालत नाही," ते म्हणाले. "मग घ्यायला काय हरकत आहे? कोणाचंच नुकसान नाही."