शुद्धिपत्र

पुस्तकाच्या शेवटी 'पान 43, ओळ 7' असं सांगणारी चिठोरी चिकटवलेली असते ना, तिच्यावरून आम्ही आमच्या एका मित्राला शुद्धिपत्र म्हणतो. सगळ्यांचं काम संपलं की याचं सुरू होतं.

पोटासाठी तो नोकरी करतो, पण जीव एका ओपन सोर्स प्रकल्पात. तिथे कोड लिहिणाऱ्यांना मान. हा कोड लिहीत नाही. कोड बदलला तर डॉक्युमेंटेशन बदललं का, आणि ते बदललं तर वेबसाइट बदलली का, एवढंच बघत बसतो. कुणीतरी जर्मनीत बसून एका कमांडचं नाव बदलतो, रीडमीतही दुरुस्ती करतो आणि पुण्यकर्म उरकल्यासारखा झोपतो. वेबसाइटचा रेपो वेगळा. तिथलं इन्स्टॉलेशनचं पान जुनीच कमांड शिकवत राहतं. नवशिका ती पेस्ट करतो, एरर येते, आणि बिचाऱ्याला वाटतं आपणच मठ्ठ. त्या न पाहिलेल्या नवशिक्यापायी याची झोप उडते.

पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी 2008 साली स्फिंक्स नावाचं साधन आलं. त्यातलं लिंकचेक चालवून मेलेल्या लिंका वेचणं ही याची सांजवात. डॉकटेस्टबद्दल बोलताना तर आवाज घोगरा होतो. "अरे, पानावर छापलेलं उदाहरण तो खरंच चालवून बघतो! उत्तर जुळलं नाही की नापास!" लग्नाच्या बायोडेटासाठी असं काहीतरी निघायला हवं, असं त्याच्या आईचं मत आहे.

वेबवरचे पत्ते बदलू नयेत, असं टिम बर्नर्स-लीने 1998 मध्येच लिहून ठेवलंय, हे तो येताजाता ऐकवतो. स्वतः मात्र पुण्यात चार भाड्याची घरं बदलून बसलाय. विचारलं तर म्हणतो, "चारही वॉचमनना सांगून ठेवलंय. रीडायरेक्ट चालू आहेत."

मागच्या रविवारी आम्ही मिसळ खायला गेलो. बाहेर फळ्यावर 70 रुपये, मेनूकार्डात 80, बिलात 90. आम्ही निमूट पाकिटं काढली. हा गल्ल्यापाशी गेला.

"मालक, यातलं खरं कुठलं?"

"बिल," मालक मान वर न करता म्हणाले.

आम्हाला वाटलं आता भांडण. पण शुद्धिपत्राचा चेहरा उजळला. "बरोबर! जे चालतं तेच खरं. मग बाकीचे दोन त्याच्याशी जुळवायला नकोत?" पुढची दहा मिनिटं त्याने मालकांना एकाच जागी भाव लिहून तो तिन्ही ठिकाणी कसा उतरवता येईल ते समजावलं. मागे रांग वाढत होती. शेवटी मालकांनी ड्रॉवरमधून खडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

"साहेब, तुम्हीच लिहा."

त्या प्रकल्पातही त्याची भरती अशीच झाली होती.