ग्रंथपाल दिनाचे शिस्तबद्ध आयोजन

डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीचा, म्हणजे १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आमच्या ‘ड’ वर्ग शासनमान्य वाचनालयाने यंदाही वाचनालय बंद ठेवून साजरा केला. कार्यकारिणीचे अभिनंदन. वाचक मध्ये येत राहिले असते तर कार्यक्रमाला रंग चढला नसता.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे पहिले. त्यानुसार विश्वकोशाचे दोन खंड त्यांच्याच तसबिरीखाली दिले होते. तसबीर शेवटपर्यंत हलली नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे. त्यात तर आम्ही जिल्ह्यात आघाडीवर असू. कपाटांच्या किल्ल्या चिटणीसांच्या घरी, आणि चिटणीस बहुधा पुण्याला. वाचक दारातूनच माघारी वळतो, शोधाशोध नाही की नोंद नाही. दारालाच कुलूप लावले तर त्याचा येण्याजाण्याचाही वेळ वाचेल, असा ठराव पुढच्या सभेत येत आहे.

समारंभाचा मुख्य भाग ग्रंथपालबाईंचा सत्कार. त्यांचे मानधन अनुदान आल्यावर मिळते, म्हणून तूर्त शाल. नाव पुकारले तेव्हा बाई मागे कपबश्या विसळत होत्या. कार्यक्रम खोळंबू नये म्हणून शाल अध्यक्षांनी स्वीकारली.