कंट्रोल-क्यू

शॉर्टकटवाला हा डीटीपी ऑपरेटरांमधला एक पोटप्रकार. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, ‘लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, रबरी शिक्के’ अशा पाटीखालच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात तो हमखास सापडतो. ओळखायची खूण चेहऱ्यावर नसते, डाव्या हातावर असते. करंगळी कायम कंट्रोलवर टेकलेली. चहा प्यायचा तो उजव्या हाताने, त्यामुळे माउस बराच वेळ बेवारस पडून असतो आणि कामाचं काही अडत नाही, हे गिऱ्हाइकाला दिसावं अशी सोय आपोआप होते.

त्याचं दैवत कोरलड्रॉ. ओटावाच्या कोरल कंपनीने ते १९८९ साली बाजारात आणलं. अडोबीचं इलस्ट्रेटर त्याच्या दोन वर्षं आधीचं, पण ते ‘मुंबईच्या एजन्सीवाल्यांचं’ म्हणून शॉर्टकटवाला सोडून देतो. कोरलमध्येही २००४चं बारा हे त्याच्या मते शेवटचं खरं सॉफ्टवेअर. २००६चं एक्स-थ्री चालवून घेण्यासारखं. २०१४च्या एक्स-सेव्हनला तो ‘जड’ म्हणतो, आणि त्यापुढच्यांची नावं घेत नाही.

दुसरा माणूस मेनू उघडून काम करतोय, हे दृश्य त्याला सहन होत नाही. तो मागे येऊन उभा राहतो, श्वास ऐकू येईल इतका जवळ. “एफ-सात दाब की, कशाला वर जातोस?” एफ-सात म्हणजे वर्तुळ, एफ-सहा चौकोन, एफ-आठ अक्षरं, एफ-दहा नोड. पानाएवढा चौकोन हवा असेल तर चौकोनाच्या टूलवर डबल क्लिक. सगळं काम एका नजरेत बघायचं असेल तर एफ-चार. वस्तू ओढता ओढता उजवं बटण दाबलं की मूळ जागेवर राहतं आणि प्रत हातात येते. लगेच कंट्रोल-आर दाबत राहिलं की तेवढ्याच अंतरावर आणखी प्रती पडत जातात. पत्रिकेच्या कडेची वेलबुट्टी अशीच होते. शिकाऊ पोराचे यात दोन-दोन सेकंद वाचतात, हे खरं. ते कसे वाचले हे सांगण्यात शॉर्टकटवाल्याचा अर्धा तास जातो आणि बाहेर रबरी शिक्क्याचं गिऱ्हाईक कंटाळून पलीकडच्या दुकानात जातं, हेही तितकंच खरं.

ही सगळी विद्या ज्या वक्ररेषेवर उभी आहे, ती मोटारींच्या पत्र्यातून आली. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी तिचं गणित १९५९च्या सुमारास बसवलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. पुढे रेनोच्या पिएर बेझिए यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं आणि रेषेला त्यांचं नाव लागलं. सित्रोएनमध्ये एक जरी शॉर्टकटवाला कामाला असता, तर ते गणित त्याच आठवड्यात पॅरिसच्या पानटपरीवर पोचलं असतं.

नोडच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकावं. फोटोवरून आपोआप ट्रेस केलेल्या गणपतीच्या सोंडेवर मुंग्यांची रांग लागावी तसे नोड पडतात आणि सोंड थरथरल्यासारखी दिसते. तो एफ-दहा दाबतो, नोड पुसत जातो, मोजके शिल्लक ठेवतो, हँडल ओढतो आणि सोंड एका दमात वळते. कोरलच्या अख्ख्या वर्तुळाला कर्व्ह केल्यावर चारच नोड असतात, हे तो वर्तुळाची गरज नसतानाही सांगतो.

आणि मग कंट्रोल-क्यू.

कंट्रोल-क्यूने अक्षरांचे कर्व्ह होतात, म्हणजे अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात. याची गरज मराठीने निर्माण केली. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेले असत. फाइल दुसऱ्या दुकानात गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी उमटे. प्लेट निघाल्यावर हे कळलेली माणसं अजून हयात आहेत. म्हणून छापायला पाठवण्यापूर्वी फाइल कर्व्ह करायची, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत जपून ठेवायची, असा नियम आहे. शॉर्टकटवाल्याला नियमाचा पहिला अर्धा पाठ आहे.

तो प्रूफ काढण्यापूर्वी कर्व्ह करतो. मॅटर पूर्ण येण्यापूर्वी कर्व्ह करतो. फोनवर बोलता बोलता, जांभई देता देता कर्व्ह करतो. फाइल सेव्ह करून बंद होते, आणि मग वधूपिता येतात. मुहूर्त १२.३५ नाही, १२.५३ आहे. इथे नशीब बरं असतं. तीन आणि पाच यांची जागा बदलली की झालं. पुढच्या वेळी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ हवी असते. तो वेलांटी सोडवतो, कंट्रोल धरून आरशात बघावी तशी उलटी करतो आणि अक्षराच्या पलीकडे नेऊन बसवतो. हात इतका साफ, की व्याकरणाच्या मास्तरांनाही सांधा दिसू नये.

सगळ्यात अवघड प्रसंग चिमुकल्यांचा. मुलाच्या लग्नाची पत्रिका उचलून मुलीकडची बनवलेली असते, आणि खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ तसंच राहिलेलं असतं. वाक्य कर्व्ह झालेलं आहे, फॉन्ट मागच्या फॉरमॅटमध्ये उडालेला आहे, आणि नवरी चिमुकल्यांची मावशी लागते. काकाची मावशी करायची, तर ‘मा’ आणायचा निमंत्रकांच्या यादीतल्या ‘मामा’कडून, ‘व’ ‘शुभविवाह’मधून, ‘श’ही तिथूनच, उकार कापून. तुकडे एका ओळीत आणायला कोणीही बी दाबेल, कारण इंग्रजी अक्षरं तळावर उभी असतात. शॉर्टकटवाला टी दाबतो. मराठी अक्षरं शिरोरेषेला लोंबतात, ती वरून जुळवायची. हे त्याला कोणत्याही क्लासात शिकवलेलं नाही आणि कोरलच्या मदतीच्या पानावरही ते सापडणार नाही. टाइप करायला एक मिनिट लागलं असतं, त्याला पाऊण तास लागतो. उठताना तो शिकाऊ पोराला सांगतो, “बघितलंस? सगळं कीबोर्डवरून.”

अशा माणसाच्या संगणकात वीस वर्षांच्या पत्रिका साठलेल्या असतात. अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी, वास्तुशांती, सगळं कर्व्ह. नाव टाइप करून त्यातलं काही शोधता येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे एकही नाव उरलेलं नाही. कोणती फाइल कोणाची, हे फक्त त्याला तोंडपाठ असतं. पत्ता, मुहूर्त आणि गिऱ्हाइकाने घासाघीस केली होती का, यासकट.

कधी तरी रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढलेलं असताना कोणी तरी वाकून आत येतं. वडील गेले. सकाळी चौकात फ्लेक्स हवा. पासपोर्टचा फोटो मोबाइलवर आहे. शॉर्टकटवाला फोटो घेतो, पण नाव कसं लिहायचं हे विचारत नाही. २००६ सालची एक फाइल उघडतो. मुलीच्या लग्नाच्या त्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून हेच नाव आहे. तो फॉन्ट आता कुठेच नाही. नवा चालला असता, पण तो नवा लावत नाही. नाव उचलून नव्या पानावर ठेवतो आणि पुढचं ‘श्री.’ पुसतो.

‘कै.’ त्या पत्रिकेत नसतं. ‘चि. सौ. कां.’ असतं. तो कंट्रोल-केने अक्षर फोडतो, तसं ‘क’चं पोट काळ्या रंगाने भरून येतं, कंट्रोल-एलने ते पुन्हा मोकळं करतो. कान्याचे नोड पुसतो, अनुस्वार काढतो. ‘सौ’वरच्या दोन मात्रा कापून आणतो आणि ‘क’वर बसवतो. शेजारी टिंब ठेवतो. या वेळी तो पोराला काहीच सांगत नाही, आणि पोरगंही विचारत नाही.

तारीख तेवढी नवीन टाइप करावी लागते. मग सवयीने कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू. तारखेचे आकडे कर्व्ह होतात. नाव आधीच झालेलं असतं.