आम्ही आलो होतो तेव्हा

प्रत्येक सहलीत एक 'आधीच जाऊन आलेला' असतो. आमच्याकडे मामा. फुकेतला लाँगटेल होडीत पाय ठेवतानाच त्यांनी सुरुवात केली, "आम्ही आलो होतो तेव्हा एवढी गर्दी नव्हती."

फांग-न्गाच्या उपसागरात चुनखडीचे कडे थेट पाण्यातून उभे राहतात. अंगावर झाडी, पायथा लाटांनी कुरतडलेला. पोरं आ वासून बघत होती. मामा म्हणाले, "तेव्हा जास्त हिरवं होतं."

मग को तापू आला. वीसेक मीटरचा सुळका, वर जाड, खाली बारीक. कुणीतरी खिळा ठोकायला घेतला आणि जेवायला निघून गेला, असा. १९७४च्या बाँडपटाने त्याला जगभर नेलं. नावाड्याने होडी लांबच ठेवली, कारण १९९८पासून जवळ जायला बंदी आहे. "आम्ही आलो होतो तेव्हा लोक हात लावून यायचे!" आता मामांकडे पुरावाही आहे हो, त्यांच्या फ्रिजवर को तापूचं चुंबक आहे. तसा त्या फ्रिजचा मूळ रंग गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही.

को पान्यी हे खांबांवर उभं असलेलं कोळ्यांचं गाव. पोरं तरंगतं फुटबॉलचं मैदान बघायला पळाली. आम्ही जेवायला बसलो. भात चिकट होता. मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मामीने डबा पुढे केला. "अहो, चिवडा घ्या." मामी दर वेळी हेच करते. भांडत नाही, खोडत नाही. चिवडा देते.

दुपारी ओहोटीला छोट्या कनूतून गुहेत शिरलो. माझ्या कनूत मामा. उताणं पडायचं, छत नाकापासून वीतभर. अंधार, वटवाघळांचा वास, आणि एकदम उजेड: चारी बाजूंनी कडे, वर उघडं आभाळ, मधे हिरवं संथ पाणी. इथले लोक याला 'हाँग' म्हणतात, म्हणजे खोली. मामा उठून बसले. ओल्या दगडावर त्यांनी तळवा टेकवला आणि स्वतःशीच पुटपुटले, "एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं."

मी ऐकलंच नाही.

रात्री हॉटेलात सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याकडे आले. मामांचा कोरा करकरीत. आत एकच शिक्का, परवाचा. मामांनी तीस वर्षं दादरला एका ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर लोकांना फुकेतला पाठवलं. लोक परत येऊन सगळं सांगायचे, आणि जाताना आठवण म्हणून एकेक चुंबक ठेवून जायचे.

पुढच्या वर्षी व्हिएतनामला, हा-लाँगला जायचं ठरतंय. मामा म्हणतात, "आम्ही गेलो होतो तेव्हा बोटीवर जेवण फार छान मिळायचं." विमानात त्यांच्यासाठी खिडकीची जागा मी आत्ताच सांगून ठेवली आहे.