साडेसोळा कोटींचं सिलिंग

वैजापूर तालुक्यात कांद्याच्या भावावरून, कॅनॉलच्या आवर्तनावरून किंवा समृद्धी महामार्गाच्या मावेजावरून भांडायचं असेल तर माणसांची ददात नाही. नुसतं स्टँडवर उभं राहून "यंदा काही खरं नाही" म्हणा, चार जण हातातला चहा ठेवून येतील. पण इंडियन सुपर लीगमधल्या पगारमर्यादेवरून भांडायचं तर अख्ख्या तालुक्यात मला एकच माणूस उपलब्ध आहे, आणि तो माझा सख्खा पुतण्या आहे. त्यामुळे आम्ही एकमेकांना जपून असतो. फारच हातघाईवर आलं की तो म्हणतो, "काका, युरियाची गाडी आली वाटतं," आणि उठतो. गाडी आलेली नसते.

त्याचं येवला रस्त्याला खत-बियाण्यांचं दुकान आहे. तो मुंबई सिटीचा. मी एफसी पुणे सिटीचा, म्हणजे २०१९ सालीच बंद पडलेल्या क्लबाचा. लोक हसतात. पण आमच्या भागात संस्था बंद पडली म्हणून सभासदत्व सोडायची रीत नाही. उलट निष्ठेला खरा बहर तेव्हाच येतो, कारण वर्गणी भरावी लागत नाही.

पगारमर्यादेतलं मला काय कळतं, असं पुतण्या अधूनमधून विचारतो. मी तहसीलच्या कूळकायदा शाखेत कारकुनी केली आहे. सिलिंगच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा १९६१ चा, त्यात मोठी दुरुस्ती १९७५ ला. बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. त्यावरची जमीन सरकारने घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची. कायदा वाचला की डोळे भरून येतात. फायली वाचल्या की कोरडे होतात.

कुणी जमीन भावाच्या नावे करून दिलेली, कुणी देवाच्या. सज्ञान मुलगा वेगळा धरतात म्हटल्यावर मिसरूड न फुटलेली पोरंही कागदावर भराभर सज्ञान झालेली. एका फायलीत (गाव सांगत नाही, नातू अजून वजनदार आहेत) जमीनदाराने बायकोशी कागदोपत्री फारकत घेतली होती, म्हणजे दोन कुटुंबं, दोन मर्यादा. आणि त्याच फायलीत पुढे त्याचाच अर्ज, की कुटुंबात माणूस वाढला आहे, सबब जादा जमीन ठेवू द्यावी. सोबत बारशाची पत्रिका टाचलेली. पत्रिकेत आईचं नाव फारकत घेतलेल्या बाईचंच. साहेबांनी ती पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अभिनंदनाचं पत्र पाठवायचं का नोटीस?"

तेव्हापासून कुठलीही मर्यादा समोर आली की ती किती आहे हे मी विचारत नाही. तिच्यात काय धरलंय आणि काय वगळलंय, तेवढं विचारतो.

तर आपल्या लीगचं सिलिंग साडेसोळा कोटींचं होतं. एका संघाने पुऱ्या हंगामात सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून इतकाच खर्च करायचा. रक्कम ऐकायला घसघशीत आहे, पण २०२४ च्या लिलावात आयपीएलमधल्या लखनऊने एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी दिले. म्हणजे फुटबॉलचा आख्खा संघ, राखीव गोलकीपरसकट, एका पंतात बसतो आणि वर साडेदहा कोटी सुट्टे उरतात. एवढ्याशा मर्यादेवरून चुलता-पुतण्याने बोलणं टाकावं, हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही. आमची ही तर म्हणते, "तुम्हाला त्यातले किती मिळणार आहेत?"

बोलणं टाकलं ते २०२० साली. आदल्या वर्षी मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला होता. रणबीर कपूर आणि बिमल पारेख उरलेल्या ३५ टक्क्यांवर आले. मग गोव्याला गाजवून सोडणारा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत. त्याच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, आपला गोंयकार मंदार राव देसाई. ह्यूगो बुमूसचा तर १ कोटी ६० लाखांचा रिलीज क्लॉज भरून त्याला उचलला. त्यात ओगबेचे आला, ल फाँड्र आला. मी दुकानात गेलो, बिलबुकातलं एक कोरं पान उलटं घेतलं आणि पुतण्याला म्हटलं, "मांड हिशोब. हे सगळे साडेसोळा कोटीत कसे बसतात ते मला दाखव."

त्याने दुकानाचा कॅल्क्युलेटर ओढला. खेळाडूंचे पगार कुठे जाहीर होत नाहीत, त्यामुळे आकडे आम्हीच घालायचे. तो प्रत्येकाला कमी पगार द्यायला लागला, मी वाढवून. जाहूच्या पगारावरून आमची चांगली अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्याने बेरीज १६ कोटी ४० लाखांवर आणून सोडली आणि सवयीने तिच्यावर पाच टक्के जीएसटी लावला. मर्यादा ओलांडली.

"काका, तुम्ही लई जळता," तो म्हणाला.

मुंबईने नियम मोडला, असं माझं म्हणणं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. कागद चोखच असणार. कागद नेहमीच चोख असतात, मी आयुष्यभर तेच पाहिलं. मुंबईने त्या हंगामात लीग शील्ड घेतली आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मोहन बागानकडून करंडकही घेतला. पुतण्याने दुकानावर पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं मुलगा झाला.

या विद्येत अमेरिकेचा हात कुणी धरणार नाही. तिथल्या मेजर लीग सॉकरमध्ये पगारमर्यादा आहे, आणि मर्यादेला इतकी दारं आहेत की भिंत शोधावी लागते. २००७ मध्ये बेकहॅमला आणायचं होतं, म्हणून नियम निघाला की ठरावीक खेळाडूंचा पगार कितीही असो, मर्यादेत त्यातला ठरलेला तुकडाच मोजायचा. लोक त्याला बेकहॅम नियमच म्हणतात. शिवाय 'अॅलोकेशन मनी' नावाचा पैसा आहे. तो पैसाच आहे, पण पगारावर ओतला की पगार मर्यादेपुरता कमी दिसतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. असली कल्पना आमच्या तालुक्यातल्या एकाही जमीनदाराला सुचली नव्हती, आणि ती माणसं साधी नव्हती.

गंमत अशी की तो बेकहॅम पुढे इंटर मायामीचा सहमालक झाला, आणि २०२१ मध्ये लीगने मायामीलाच २० लाख डॉलर दंड ठोकला. कारण? ब्लेझ मात्विदीला त्यांनी बेकहॅम नियमात दाखवायला हवं होतं, तिथली जागा भरलेली होती, म्हणून साध्या खेळाडूंत दडवलं. नियमाला ज्याचं नाव, त्याच्याच क्लबाला त्या नियमात दंड. कूळकायद्यात असं झालं असतं तर आम्ही त्या दिवशी कचेरीत भजी मागवली असती.

स्पेनमध्ये याहून वेगळी तऱ्हा. तिथं प्रत्येक क्लबाची मर्यादा निराळी, त्याच्या कमाईवर ठरलेली. ज्याची मिळकत मोठी त्याने जास्त ठेवावं! अशी दुरुस्ती १९७५ ला कुणी सुचवली असती तर मराठवाड्यातल्या बड्या वाड्यांवर गुढ्या उभ्या राहिल्या असत्या. तरीही बार्सिलोनाने उधळपट्टी अशी केली की ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीची नोंदणी त्या मर्यादेत बसेना आणि तो पत्रकारांसमोर रडत बाहेर पडला. पुतण्या त्या दिवशी दुकान उघडं टाकून घरी जाऊन झोपला होता.

इंग्लंडमध्ये तर प्रत्येक खेळाडूच्या पगारालाच सिलिंग होतं, आठवड्याला २० पौंड. जिमी हिलच्या पुढारपणाखाली खेळाडूंनी संपाची हाक दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ते उठलं. फुलमने जॉनी हेन्सला लगेच १०० पौंड केले. तिकडे सिलिंग उठलं आणि त्याच वर्षी आपल्याकडे ते बसवायचा कायदा झाला. मला हा योगायोग फार आवडतो. पुतण्याला आवडत नाही.

आता माझ्या पुणे सिटीकडे येतो, कारण खरी कळ तिथं आहे. आमच्याकडे त्रेझगे येऊन गेला, मुतू येऊन गेला. २०१७-१८ ला पोपोविचच्या हाताखाली मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांनी आम्हाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. बालेवाडीत मी भगव्या टी-शर्टात बसलेला फोटो आहे. ही तो पाहुण्यांना दाखवत नाही. आणि मग दीड वर्षात क्लबच गेला. पगार थकल्याच्या बातम्या आल्या, खेळाडू पांगले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं की आमची जागा आता हैदराबादची. निजामाच्या राज्यातून आम्ही वैजापूरकर १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, आणि ७१ वर्षांनी माझा क्लब पुन्हा हैदराबादच्या खात्यावर चढला! त्या हैदराबादने २०२२ मध्ये करंडक जिंकला. पुढे तिथंही पगार थकले, परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला गेला. सहा वर्षांत दोन फेरफार. एखाद्या वादातल्या गटालासुद्धा इतक्या लवकर मालक बदलत नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुणे आणि हैदराबाद काही मर्यादा ओलांडून बुडाले नाहीत. साडेसोळा कोटींच्या वर किती जातात यावर आम्ही दोघं बिलबुकं भरत होतो, आणि तिकडे कबूल केलेला पगार खेळाडूच्या खात्यात पडतोय का, हे कुणी विचारत नव्हतं. जास्तीत जास्त किती द्यायचे याचा नियम बारीक अक्षरात लिहिला. देऊन टाकायचे, यावर तेवढी शाई कुणी खर्चली नाही. सिलिंगमध्येही हेच झालं. काढून घेतलेल्या एकराचा नकाशा फायलीत असायचा. ज्याला वाटप झालं त्याला प्रत्यक्ष ताबा मिळाला का, त्यासाठी दुसरी फाइल, आणि ती बहुधा सापडत नसे.

२०२५ ने कळस केला. ५ जूनला समृद्धीचा शेवटचा, इगतपुरीपुढचा टप्पा खुला झाला. जांबरगावला चढायचं की थेट मुंबईच्या वेशीवर. पुतण्याने मला अंधेरीत सामना दाखवायचं कबूल केलं. माझं आधारकार्ड, गोळ्या, दशम्या असं सगळं ठरलं. ११ जुलैला लीगनेच हंगाम थांबवल्याचं कळवलं, कारण फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपत होता. रस्ता आला आणि सामना गेला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईयिनने पगार थांबवले. डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली; त्या वेळी देशातले बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटू घरी बसून होते. महिनाअखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतून हिस्सा काढून घेतला. पुतण्या दोन दिवस गप्प होता. मी पेढे नेणार होतो, पण ही म्हणाली, शोभत नाही.

जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीची तारीख जाहीर केली, तसा तो पुन्हा माणसात आला. मला म्हणाला, "काका, पुणे सिटीचं सुतक पुरे झालं. यंदा चौदा टीम आहेत, एखादी धरा." आणि मोबाइल पुढे करून एकेकीचा प्रशिक्षक, परदेशी खेळाडू, मागच्या हंगामातले गोल सांगत सुटला.

मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातल्या कुणाचा पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "काका," तो म्हणाला, "तुम्हाला टीम बघायचीय का मुलीला स्थळ?"